सहावा मासा

सकाळचे साडेसहा वाजले की दिवाणखान्यातला दिवा आपोआप लागायचा. एकदम नाही. आधी नुसती चाहूल, मग कोपऱ्यातल्या भिंतीवर ओल पसरावी तसा निळसर उजेड, आणि पंधरा-वीस मिनिटांत माशांचा सगळा टँक निळा होऊन जायचा. कुणी बटण दाबत नसे. दाबणारा ऑक्टोबरात गेला होता. त्याने फोनवरून दिव्याला वेळ घालून दिली होती. फोनचा पासवर्ड घरात कुणाला ठाऊक नव्हता, आणि दिवा अजून त्याचंच ऐकत होता.

गुरुनाथ त्या उजेडाच्या आधी उठत. इस्लामपूरच्या हायस्कुलात अडतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला टायमर म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी अमेरिकेत, रेडमंडच्या त्या घरात, खिडकीबाहेर अंधार आणि पावसाची रिपरिप असताना, तो उजेड वाढू लागला की ते चहाचा कप धरून स्वयंपाकघराच्या दारातच थांबत. पुढे पाऊल पडत नसे.

मग जिन्यावर मोजे घातलेली पावलं वाजत. त्यांची नात इला, नऊ वर्षांची, विस्कटलेल्या केसांनी खाली येई, टँकसमोर मांडी घालून बसे आणि म्हणे, "गुड मॉर्निंग, बाबा."

टँकमध्ये सहा मासे होते. त्यातला एक काचेपाशी येई आणि बरोबर तिच्या नाकासमोर थांबे.

हे मासे सिद्धेशने, म्हणजे गुरुनाथांच्या मुलाने, वर्षभरापूर्वी आणले होते. बोटाएवढे, राखाडी, दिसायला अगदी सामान्य. राधिका, त्याची बायको, तेव्हा हसली होती. "दुकानात रंगीत संपले होते का रे?" सिद्धेशने तिला आणि इलाला बसवून सांगितलं, की या जातीचे मासे लहानपणी असेच असतात. वर्ष-सव्वा वर्ष लागतं. मग एक दिवस पुढून निळे होतील आणि मागून केशरी, मध्ये कुणी पट्टीने रेघ मारल्यासारखे. "थांबायचं फक्त," तो म्हणाला होता. रोज सकाळी कॉफी घेऊन तो टँकसमोर खुर्चीत बसे आणि इला त्याच्या मांडीवर. रंग यायच्या आत तो गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत, सीटबेल्ट लावलेला असताना. त्रेचाळीस वर्षांचा होता.

गुरुनाथ तिसऱ्या दिवशी एकटेच येऊन पोहोचले. त्यांच्या पत्नीच्या, सुलेखाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना उठता येत नव्हतं. त्या तिकडून व्हिडिओ कॉलवर नुसत्या बघत राहत. दहाव्या दिवशी मात्र त्या बोलल्या. "पीठ ठेवा," म्हणाल्या. "माझं एवढं ऐका."

त्यांच्याकडची ही पद्धत. माणूस गेला की दिव्याशेजारी ताटात पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची आणि सकाळी बघायचं. पिठावर जो ठसा उमटेल, त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. कुणाच्या पिठावर चिमणीची पावलं उमटतात, कुणाच्या गाईची खुरं. गुरुनाथांनी वर्गात कित्येकदा हसत हसत सांगितलं होतं की ही सगळी मुंग्या-झुरळांची करामत. पण त्या दिवशी ते वाद घालायच्या मन:स्थितीत नव्हते. सिद्धेशने घरात प्राण सोडला नव्हता, म्हणून त्याची रोजची जागा धरली. टँकसमोर स्टीलच्या ताटात कणीक पसरली, बाजूला तुपाचं निरांजन लावलं. टोपली घरात नव्हती, तर राधिकाने कपडे धुवायला न्यायची प्लास्टिकची बास्केट आणून त्यावर पालथी घातली.

इलाने सगळं पाहिलं होतं. तिने एकच विचारलं, "मग सकाळी बाबा काय झाला ते कळेल?"

"बघू," गुरुनाथ म्हणाले होते.

सकाळी सगळ्यांत आधी ते खाली आले. बास्केट उचलली. कणीक होती तशी होती. सपाट. या घरात मुंगीसुद्धा नव्हती. तेवढ्यात वर इलाच्या खोलीचं दार वाजलं. दहा दिवसांत ती पोर एकदाही धड रडली नव्हती, धड जेवली नव्हती. गुरुनाथ त्या कोऱ्या पिठाकडे पाहत राहिले, आणि अडतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. करंगळीने दोन वाकड्या रेघा ओढल्या, मागे दुभंगलेली शेपटी काढली, बास्केट जागच्या जागी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसकडे तोंड करून उभे राहिले. मागे वळून पाहायची त्यांना हिंमत झाली नाही.

इलाने बास्केट उचलली.  मग ती म्हणाली, "ही इज वन ऑफ देम."

आठवड्याभरात सहांपैकी बाबा कोणता हेही तिने ठरवून टाकलं.

नोव्हेंबरात टँकचं झाकण गळलं, दिव्यात पाणी गेलं आणि त्यातली पांढरी पट्टी बंद पडली. उरली फक्त निळी. तेव्हापासून घर सकाळ-संध्याकाळ निळं होई, आणि त्या निळ्यात सहा काळ्या सावल्या फिरत. खिडकीचा पावसाळी उजेड दिवसाही त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नसे. दिवा बदलायचं नाव काढलं की इला टँकला पाठ लावून उभी राहायची. "बाबाने सेट केलाय."

जानेवारीत एका दुपारी राधिका ऑफिसमधून लवकर आली. बूट न काढताच तिने गुरुनाथांसमोर फोन धरला.

"अप्पा, शाळेतून मेल आलीये. फॅमिलीचं चित्र काढायला सांगितलं होतं. हिने तुम्ही, मी, आई आणि एक मासा काढलाय. काउन्सेलरला भेटायला बोलावलंय."

गुरुनाथांनी चित्र पाहिलं. मासा सगळ्यांत मोठा होता.

"मैत्रिणीकडे, नैनाकडे रात्रीचा स्लीपओव्हर होता, कॅन्सल केला. बाबा एकटा राहील म्हणे. उन्हाळ्यात इंडियाला जायचं म्हटलं, तर बाबाला कसं न्यायचं विचारते." राधिका टेबलापाशी बसली. "आणि मी काय सांगू तिला? काल मीच त्याला विचारत होते, टॅक्सचे पेपर कुठे ठेवलेस म्हणून. उभी राहून. माशाला." ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. "हे मासे किती जगतात, अप्पा?"

"पाच-सहा वर्षं. नीट राहिले तर."

"आणि मग?"

त्या 'मग'वर गुरुनाथ रात्रंदिवस अडकलेले होते. एक ना एक दिवस तो मासा उलटा होऊन तरंगणार होता, आणि त्या दिवशी इलाचा बाप दुसऱ्यांदा मरणार होता. यात निम्मा हात त्यांचा होता. करंगळीचा का होईना. राधिकाला ते सांगावंसं त्यांना वाटलं, पण तोंड उघडून ते म्हणाले एवढंच, "मी बोलतो तिच्याशी."

बोलणं त्यांना एकाच वाटेने येत होतं, शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, घरातले बाकीचे दिवे बंद असताना, त्यांनी इलाच्या हातात एक छोटं संत्रं ठेवलं.

"हे टँकपाशी धर बरं. काय रंग दिसतो?"

इलाने निळ्या उजेडात संत्रं धरलं आणि भुवया उंचावल्या. "ब्लॅक. ब्राउनिश ब्लॅक."

"सडलं वाटतं."

"नाही सडलं. आत्ता तर ऑरेंज होतं." ती धावत स्वयंपाकघरात गेली, तिथून ओरडली, "आहे, ऑरेंजच आहे," आणि परत टँकपाशी आली. "हाऊ?"

"तूच सांग. संत्रं बदललं का?"

"नाही."

"मग?"

तिने दिव्याकडे पाहिलं.  मूल उत्तराच्या काठावर आलं की मास्तराने तोंड मिटून बसायचं, एवढं त्यांना अडतीस वर्षांत कळलं होतं.

"लाइटमध्ये ऑरेंज नाहीये," इला म्हणाली. "म्हणून ते परत द्यायला संत्र्याकडे काहीच नाही."

"शाबास."

ती हातातलं संत्रं फिरवत राहिली. मग हळूच काचेकडे वळली. "आजोबा. मासे ऑलरेडी ऑरेंज असतील?"

"असतील. आपल्याला दिसत नसेल."

"बाबापण?"

गुरुनाथांनी काचेकडे पाहिलं. "बघायला हवं," ते म्हणाले.

शनिवारी राधिकाने दोघांना माशांच्या दुकानात सोडलं. तिथे एका भिंतीवर आठ-दहा दिवे नमुन्याला लावून ठेवले होते. दंडावर कासव गोंदवलेली एक हसतमुख मुलगी एकेक पेटवून दाखवू लागली. इलाने खिशातून संत्रं काढलं. मुलगी म्हणाली, इतक्या वर्षांत फळ घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

पहिला दिवा इतका पांढराफटक होता की संत्रं आजारी दिसायला लागलं. "असल्या उजेडात मासे घाबरतात आणि आणखी फिके पडतात," गुरुनाथांनी समजावलं. दुसरा झाडांसाठीचा, लालसर-गुलाबी. त्याखाली संत्रं नुसतं पेटलं. इलाचा हातही गुलाबी झाला, तिचं निळं जॅकेट जांभळं.

"हा. हा घेऊया. सो प्रिटी."

"जॅकेट कुठल्या रंगाचं आहे तुझं?"

"ब्लू."

"आणि दिसतंय?"

तिने बाहीकडे पाहिलं. "लायर लाइट," ती म्हणाली, आणि दुकानातली मुलगी खळखळून हसली. गुरुनाथ हसले नाहीत. ते म्हणाले, "दिव्याने आपल्याकडचा रंग लावायचा नाही. आहे तो दाखवायचा." हे वाक्य त्यांनीच उच्चारलं आणि त्यांच्याच छातीत रुतून बसलं.

पाचवा दिवा साधा होता. किंचित उबदार पांढरा, सकाळी नवाच्या उन्हासारखा. त्याखाली संत्रं संत्र्यासारखं दिसलं, जॅकेट जॅकेटसारखं, हात हातासारखा. मुलीने सांगितलं, या उजेडात सगळे रंग साधारण सारख्या प्रमाणात आहेत, म्हणून. इलाने स्वतःच मान डोलावली.

घरी आल्यावर जुना दिवा काढायचा क्षण आला. इलाने दोन्ही हातांनी वायर धरली. तिने ती ओढली नाही आणि सोडलीही नाही.

"तुझी आजी दिवा विझवला असं कधी म्हणत नाही," गुरुनाथ म्हणाले. "दिवा शांत केला म्हणते."

"शांत म्हणजे काम डाउन?"

"तसंच."

"ओके." तिने वायर सोडली. "तू कर."

त्यांनी प्लग काढला. तीन महिने ज्या निळ्या उजेडात घर बुडालं होतं, तो गेला. राधिका सोफ्याच्या पाठीला धरून उभी होती. तिने नुसता श्वास सोडला.

नवा दिवा त्यांनी टँकच्या मध्यावर न ठेवता पुढच्या काचेकडे सरकवला. उजेड माशांच्या अंगावर पडून बघणाऱ्याकडे यायला हवा, मागून आला तर माशांच्या नुसत्या सावल्या दिसतात, हे इलाने टॉर्च आणि चमचा घेऊन आधीच ताडून पाहिलं होतं. पण त्या संध्याकाळी सगळे मासे बिथरून झाडामागे गेले. जे दिसले ते राखाडी. इलाचा चेहरा पडला. "अगं, तुला कुणी अंधारातून उठवून स्टेजवर उभं केलं तर?" गुरुनाथ म्हणाले. "रात्रभर झोपू दे त्यांना. सकाळी बघ. या जातीचे मासे सकाळच्या पहिल्या उजेडातच मिरवतात."

रविवारी साडेसहाला दिवाणखाना काळोखात होता. कुठेही निळं उजाडलं नाही. गुरुनाथांना ते इतकं चुकल्यासारखं वाटलं की ते दोनदा घड्याळाकडे पाहून आले. सात वाजता इला त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिने स्वतःच्या हाताने नवा दिवा मंद लावला.

आधी काही नाही. मग झाडामागून एक बाहेर आला. डोक्यापासून मध्यापर्यंत गडद निळा, वांग्याच्या सालीसारखा, आणि तिथून शेपटीपर्यंत केशरी. मग दुसरा. तिसरा. पाच मासे पंख ताणून एकमेकांभोवती फिरू लागले, आणि सिद्धेशने सांगितलं होतं तशी मधोमध पट्टीने मारल्यासारखी रेघ. इलाने गुरुनाथांचा दंड घट्ट पकडला. 

सहावा तेवढ्यात आला. तो सरळ काचेपाशी आला आणि इलाच्या नाकासमोर थांबला. चंदेरी, फिका, बिनरंगाचा.

"आजोबा, बाबा का नाही रंगला?"

"इला, तो नर नाही. मादी आहे. या जातीत माद्यांना असा रंग येत नाही."

इलाने क्षणभर विचार केला. "बाबा गर्ल फिश आहे?" आणखी थोडा विचार. "दॅट्स ओके. ही कॅन बी अ गर्ल."

गुरुनाथांना वाटलं होतं, उजेड दाखवला की पुरे. बाकीचं ती स्वतः ओळखेल, संत्र्याचं ओळखलं तसं. पण मुलांचा विश्वास असा सहजी मागे हटत नाही, वळसा घालून पुढे जातो. आता बोलल्यावाचून सुटका नव्हती.

"इला, पिठातला मासा मी काढला होता."

ती त्यांच्याकडे वळली.

"बोटाने?"

"करंगळीने. पिठावर काहीच आलं नव्हतं. तू जिन्यावर होतीस. तुला कोरं पीठ दाखवायला मला धीर झाला नाही. बाबा मासा झालेला नाही. मी खोटं केलं."

टँकचा पंप गुरगुरत राहिला. 

"आणि आय?" ती म्हणाली.

"काय?"

"डोळा. त्याला डोळा होता. राउंड." ती उठली, टेबलावरचा आईचा फोन आणला, तिला तो उघडता येत होता, आणि जुने फोटो सरकवत त्यातला एक शोधून त्यांच्यासमोर धरला. "मी त्या दिवशी काढला होता. सी?"

ताट होतं. कणीक होती. त्यांच्या दोन वाकड्या रेघा, त्यांची घाईतली शेपटी. आणि पुढच्या टोकाला, जिथे असायला हवा बरोबर तिथे, एक डोळा. लहान, खोल, कडा स्वच्छ. गुरुनाथांनी डोळा काढला नव्हता.

त्यांनी फोटो मोठा केला. तुपाचा थेंब उडाला असेल. पण निरांजन तर ताटाच्या पलीकडे, हातभर दूर दिसत होतं. बास्केट टेकवताना खडा पडला असेल. खडा कुठे दिसत नव्हता. पोरीनेच बोट लावलं असेल, आणि आता विसरली असेल. प्रत्येक कारण चालण्यासारखं होतं. वर्गात असते तर त्यांनी तिन्ही फळ्यावर लिहून मुलांकडून एकेक खोडून घेतलं असतं. फोन त्यांनी मांडीवर टेकवला.

"डोळापण तूच काढलास?"

इला त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. दुकानातल्या दिव्यांकडे पाहिलं होतं तसंच, पारखून. खरं सांगायचं तर 'नाही' म्हणायला हवं होतं. आणि 'नाही' म्हटलं की ही पोर उद्याही इथेच बसणार होती, परवाही, तो मासा मरेपर्यंत.

"हो," गुरुनाथ म्हणाले. "डोळापण मीच."

तिचे ओठ आधी वाकडे झाले. "यू लाइड."

"हो."

"टीचर्स आर नॉट सपोज्ड टू."

"करू नयेच. बरोबर आहे तुझं."

"मग बाबा कुठेय?"

"मला माहीत नाही, बाळ."

ती उठली आणि पाय आपटत जिना चढून गेली. वर राधिकाच्या खोलीचं दार उघडलं. मग रडण्याचा आवाज आला, मोठा, गळा काढून, ऑक्टोबरापासून तुंबलेला, आणि त्यात राधिकाचा मिसळला. गुरुनाथांनी तो पूर्ण ऐकला. वर गेले नाहीत.

दोन दिवस इला त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गणितातलं एक अडलं, म्हणून बोलली. फेब्रुवारीत ती नैनाकडे राहून आली. माशांना तिने नावं दिली. चंदेरी मादीचं नाव आसावरी, कारण डान्स क्लासमधल्या आसावरी मावशीसारखी ती सगळ्यांच्या पुढे पुढे करते. आता सकाळी ती चिमूटभर खाणं टाके, "बाय गाइज" म्हणे आणि स्कूलबस पकडायला पळे. शाळेतून नवं चित्र आलं. त्यात मासे होते, पण टँकमध्ये, आणि बाबा कडेला ढगावर होता, चष्म्यासकट. राधिकाने ते फ्रिजवर लावलं आणि गुरुनाथांना म्हणाली, "काय सांगितलंत हो तिला?"

"खरं ते," गुरुनाथ म्हणाले.

एप्रिलात ते परत जाणार होते. तोवर सकाळी दिवा लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. टायमर घालू या, असं राधिका दोनदा म्हणाली. ते नको म्हणाले. पाच रंगीत मासे आपापसांत मिरवत राहत. आसावरी काचेपाशी येई. खाण्यासाठी येते, हे त्यांना माहीत होतं. समोर जो बसेल त्याच्यापुढे ती येणारच. म्हणून त्यांनी एकदा आधी खाणं टाकून पाहिलं. बाकीचे पाच वर गेले. ती गेली नाही. ती अंग तिरकं करून त्यांच्यासमोर थांबून राहिली, कल्ले हळूहळू हलवत.

मार्चमधल्या एका सकाळी इला बॅग घेऊन खाली आली, तेव्हा आजोबा सिद्धेशच्या खुर्चीवर पुढे वाकून, जवळजवळ काचेला कपाळ लावून बसले होते.

"कुणाशी बोलतोयस, आजोबा?"

"कुणाशी नाही गं," ते म्हणाले. "जा, बस चुकेल."

दार लागेपर्यंत ते थांबले. मग खुर्ची थोडी पुढे ओढली.

"हां, बोल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "काय म्हणत होतास?"